फारुखभाईच्या गाडीची सरासरी

ज्योत्स्नाबाई वाकोडे यांनी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी संख्याशास्त्राच्या पुस्तकाला खाकी कव्हर घातलं, तेव्हा त्यांच्या हातून अख्ख्या गावाची गाडी चुकेल असं धामणखेडात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. बाई सरळ स्वभावाच्या. अकोटच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर वीस वर्षं बसलेल्या. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि पुढे सरकवायचा, यात त्यांचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं. पण बढतीचा विषय निघाला की मोठे साहेब म्हणायचे, बाई, पदवी नाही हो तुमच्याकडे. चार वर्षं हे ऐकल्यावर बाईंनी अकोल्याच्या एका कॉलेजात बी.कॉम.चा बाहेरून बसायचा फॉर्म भरला. तास रविवारी असायचे. बाकीचे सगळे विषय त्यांनी भाकऱ्या थापता थापता पाठ केले. संख्याशास्त्र मात्र पाठ होईना, कारण त्यात दर गणिताला आकडे बदलत.

हा विषय शिकवायला गुल्हाने सर दर रविवारी अमरावतीहून यायचे. वर्गात निम्मे विद्यार्थी त्यांच्यापेक्षा वयाने मोठे, त्यामुळे सर सगळ्यांना अहोजाहो करत आणि मार्क मात्र कुणाला अहोजाहो न करता देत. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी त्यांनी प्रकल्प सांगितला. कुठल्याही एका गोष्टीची सलग तीस निरीक्षणं घ्यायची, स्वतःच्या डोळ्यांनी. त्यांची सरासरी काढायची, मध्यक काढायचा, प्रमाण विचलन काढायचं, आलेख काढायचा आणि शेवटी एक पान निष्कर्ष लिहायचा. वीस मार्क. घरी बसून लिहिलेले आकडे मला वासावरून ओळखू येतात, असंही ते म्हणाले. तेव्हा तिसऱ्या बाकावरचा एक तलाठी उगाचच खोकला.

आता मोजायचं काय? ज्योत्स्नाबाईंनी ही अडचण घरी बोलून दाखवली, आणि तिथेच पहिली चूक झाली. सासरे किसनराव हे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी पाऊस मोजायला सांगितलं. नोव्हेंबर उजाडलेला होता आणि पुढचे तीस दिवस पावसाची नोंद शून्य येणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं, पण किसनरावांचं म्हणणं असं की शून्य हीसुद्धा संख्याच आहे. नवरा धम्मदीप अमरावतीला नोकरीला, शनिवारी यायचा. त्याने फोनवर सुचवलं की बाबांचं ब्लडप्रेशर रोज सकाळी मोज. हे ऐकून बाबांचं ब्लडप्रेशर तिथल्या तिथे चढलं. शेजारच्या सुंदराबाईंची म्हैस रोज किती दूध देते ते लिहावं, असं बाईंच्या स्वतःच्या मनात आलं. सुंदराबाई अकोटच्या हॉटेलांना दूध घालायच्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून बादलीवर पदर झाकून गोठ्यातून बाहेर यायला लागल्या.

शेवटी बाईंना रोज समोर दिसणारी गोष्ट आठवली. ती म्हणजे फारुखभाईची गाडी.

धामणखेडहून अकोटला जायला सकाळी एकच भरवशाचं साधन होतं, फारुखभाईची पांढरी मिनीबस. ती चार किलोमीटर मागच्या कासोदहून सुटायची आणि काचेवर लाल रंगात लिहिलेल्या वेळेप्रमाणे साडेसातला धामणखेडच्या स्टँडवर यायची. म्हणजे काचेवर तसं लिहिलेलं होतं. येणारी गाडी आठनंतर यायची, आणि याबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती. ज्योत्स्नाबाई अकरा वर्षं त्या गाडीने जात होत्या. या अकरा वर्षांत आपली गाडी एकदाही चुकली नाही, हा त्यांचा अभिमानाचा विषय होता. कचेरीत उशिरा येणाऱ्या बायकांना त्या तो सहज बोलता बोलता ऐकवत.

सोमवारी बाई लांबलचक हिरवं रजिस्टर, पट्टी आणि सासऱ्यांचं मनगटी घड्याळ घेऊन साडेसातलाच स्टँडवर जाऊन बसल्या. गाडी आठ वाजून आठ मिनिटांनी आली. त्यांनी लिहिलं: अडतीस. मंगळवारी एक्केचाळीस. बुधवारी पस्तीस. बुधवारीच लोकांच्या नजरेत रजिस्टर आलं.

इथे त्या वर्षाबद्दल थोडं सांगायला हवं. सन दोन हजार सहा. वऱ्हाडात त्या साली कापसाला बोंडअळी जेवढी नव्हती तेवढे वही-पेन घेतलेले लोक होते. दिल्लीचं पथक येऊन गेलं, मुंबईचे टीव्हीवाले येऊन गेले, पुण्याची मुलंमुली छापील फॉर्म घेऊन आली, आणि एक गोरे गृहस्थ दुभाष्यासह येऊन विहिरीची खोली विचारून गेले. घरात माणसं किती, बैल किती, रात्री झोप लागते का, असं विचारून सगळे निघून जात आणि नंतर कधीतरी कुणालातरी काहीतरी मंजूर झाल्याची बातमी पेपरात येई. त्यामुळे वही दिसली की आपलं नाव त्यात घालून घ्यायचं, एवढं गावाला कळून चुकलं होतं.

गुरुवारी ज्योत्स्नाबाई स्टँडवर पोचल्या तर समोर अकरा माणसांची रांग. सगळ्यात पुढे डोमाजी. हा सत्तरीचा गृहस्थ दर गुरुवारी डोळ्यांत थेंब घालून घ्यायला अकोटला जायचा आणि बाकीचे दिवस नुसताच स्टँडवर बसायचा. त्याने रेशनकार्डाची झेरॉक्स पुढे केली आणि शेळ्याही धरायच्या का, एवढंच विचारलं. बाईंनी समजावून सांगितलं की हा माझा कॉलेजचा अभ्यास आहे, यात शेळी येत नाही, माणूसही येत नाही, फक्त गाडी येते. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. त्रेचाळीस वर्षांची सरकारी बाई कॉलेजात शिकते आणि त्यासाठी घड्याळ घेऊन बसते, यावर कोण विश्वास ठेवणार?

“नसन सांगाचं तर नका सांगू ताई,” डोमाजी दुखावल्या आवाजात म्हणाला. “पण याईले घेतलं अन् आमाले सोडलं, असं नका करजा.”

बाईंनी शेवटी रजिस्टरच्या मागच्या पानावर अकरा नावं लिहून घेतली, तेव्हा रांग मोडली. त्या दिवशीचा उशीर चाळीस मिनिटं.

बातमी ग्रामसेवक जानरावांपर्यंत गेली. जानरावांना आपल्या हद्दीत आपल्याला न विचारता सर्वेक्षण चालल्याचं फार लागलं. त्यांनी बाईंना ग्रामपंचायतीत बोलावून चहा दिला आणि परवानगीचं पत्र मागितलं. गाडी रस्त्यावर उभी राहते, रस्ता हद्दीत येतो, तेव्हा वरच्या कचेरीची हरकत नसल्याचं पत्र हवं, नाहीतर उद्या काही झालं तर जबाबदार कोण? ज्योत्स्नाबाईंनी वीस वर्षांत हे वाक्य कमीत कमी दोन हजार लोकांना ऐकवलं असेल. समोरून ऐकायची वेळ पहिल्यांदाच आली होती, आणि ते इतकं टोचणारं असतं याची त्यांना कल्पना नव्हती.

त्यांनी अर्ज लिहिला. तो द्यायचा कुठे? त्यांच्याच कचेरीत, आवकच्या टेबलावर. म्हणजे बाईंनी अर्ज लिहिला, टेबलाच्या पलीकडे जाऊन स्वतःच्याच खुर्चीसमोर ठेवला, वळसा घालून खुर्चीत बसल्या, शिक्का मारला, नंबर टाकला आणि पोच म्हणून स्वतःलाच दुसरी प्रत दिली. दोन दिवसांनी तो अर्ज वरून शेरा घेऊन परत आला. ‘सदर वाहनाचा व कार्यालयाचा संबंध काय? खुलासा व्हावा.’ बाईंनी खुलासा केला. मग, दरम्यान कार्यालयीन कामास बाधा येणार नाही अशी हमी द्यावी, असा शेरा आला. हमी दिली. अखेर दुसऱ्या आठवड्याच्या शनिवारी संध्याकाळी पत्र निघालं. त्यात लिहिलं होतं की, सदर वाहनास होणाऱ्या विलंबाचे सर्वेक्षण करण्यास या कार्यालयाची हरकत नाही. खाली नेहमीप्रमाणे प्रती दिल्या होत्या. एक ग्रामसेवक यांना. एक अर्जदारास. आणि एक, माहिती व योग्य त्या कार्यवाहीस्तव, वाहनचालक श्री. फारुख यांना.

ही तिसरी प्रत कचेरीच्या शिपायाने मोठ्या तत्परतेने त्याच संध्याकाळी अकोटच्या स्टँडवर फारुखभाईच्या हातात दिली. बाईंना तिचा पत्ताच नव्हता. दोन आठवड्यांत मध्ये एक सुट्टी आली होती, तेव्हा त्यांच्या रजिस्टरात अकरा दिवस भरले होते. रविवारी अकोल्याला जाऊन त्यांनी ते आकडे सरांना दाखवले. त्यात एक दिवस मोठा विचित्र होता. सातव्या दिवशी गाडी चक्क दहा वाजून वीस मिनिटांनी आली होती. एकशे सत्तर मिनिटं. त्या दिवशी बाईंचा अर्धा दिवस रजेत गेला होता, साहेबांचं बोलणं खावं लागलं होतं, आणि लोकांनी विचारल्यावर फारुखभाई खाली बघत ‘काम होतं’ एवढंच बोलला होता. बाकीचे दहा दिवस मात्र सगळे चौतीस ते चव्वेचाळीसच्या मधले. सर म्हणाले, एकशे सत्तर बाजूला ठेवलं तर प्रमाण विचलन फक्त तीन मिनिटं येतं. इतक्या नियमाने उशीर करणारा माणूस मी पाहिला नाही.

झालं. विचलन तीन मिनिटं, हे शास्त्राने सांगितलं. म्हणजे साडेसातपासून थंडीत कुडकुडत बसायचं कारण काय? सोमवारी ज्योत्स्नाबाईंनी हिशेब केला की आठला निघालं तरी चालेल, सावधगिरी म्हणून सात पंचावन्नला निघावं. त्या तशा निघाल्या. स्टँडवर पोचल्या तर तिथे डोमाजी एकटाच बसलेला.

गाडी साडेसातच्या ठोक्याला आली आणि गेली, असं तो म्हणाला. गाडीत एकही माणूस नव्हता. त्याने फारुखभाईला म्हटलं, थांब जरा, लोक येऊ दे. तर फारुखभाई म्हणे, नाई थांबत बाप्पा, माह्यावर सर्वे चालू हाय.

मागोमाग माणसं यायला लागली. सुंदराबाई दुधाचे दोन कॅन घेऊन आल्या, शाळेचे मास्तर आले, कोर्टात तारीख असलेले दोघे भाऊ आले, कॉलेजच्या मुली आल्या. आठ वाजून पंधरा मिनिटांनी सगळ्यांना कळलं की गाडी कशामुळे गेली. सगळे नुसते ज्योत्स्नाबाईंच्या रजिस्टरकडे बघत राहिले. बोलले असते तर बरं झालं असतं.

बाई अकोटला पोचल्या त्या जिनिंगला निघालेल्या कापसाच्या ट्रॅक्टरवर. कापसावर बसून जाणं हे ऐकायला मऊ वाटतं. ट्रॅक्टर दर खड्ड्याला बाईंना वर उडवायचा आणि त्या दर वेळी थोड्या अधिक खोल जाऊन बसायच्या. कचेरीत शिरल्या तेव्हा केसांत, भुवयांवर आणि रजिस्टरमध्ये सगळीकडे कापूस चिकटलेला होता. मोठ्या साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, बाईंच्या डोक्याकडे पाहिलं, आणि तब्येत बरी आहे ना, असं इतक्या काळजीने विचारलं की बाईंना रडू यायचं बाकी राहिलं. संध्याकाळी त्यांनी डोमाजीच्या साक्षीवरून रजिस्टरात उशीर शून्य लिहिला आणि कंसात ‘ऐकीव’ असं नमूद केलं.

मंगळवारी सारं गाव सव्वासातला स्टँडवर हजर होतं, आणि गाडी त्याआधीच निघून गेलेली नव्हती एवढंच नशीब. ती सात पंचविसाला आली आणि बाकीचे चढायच्या आत निम्मेच लोक घेऊन सुटली. उशीर उणे पाच. उणे चालतो का, हे विचारायला बाईंनी अमरावतीला सरांना फोन लावला. चालतो, म्हणाले. चालतो असं फक्त सरच म्हणाले. कारण सुंदराबाईंची म्हैस सव्वासातच्या आत दूध सोडायला तयार नव्हती. मास्तर जेवणाच्या डब्याशिवाय जात होते. आणि गाडी अकोटला इतक्या लवकर पोचत होती की कॉलेजच्या मुली बंद फाटकासमोर पाऊण तास उभ्या राहत होत्या. शुक्रवारी संध्याकाळी लोक ज्योत्स्नाबाईंच्या दारात जमले. किसनरावांना वाटलं, कुणी गेलं की काय. लोकांची मागणी एकच होती, आणि ती सुंदराबाईंनी सगळ्यांच्या वतीने मांडली.

“ज्योत्स्ना, तुह्या अभ्यासाले आमचं काई म्हननं नाई. पण गाडी पहिल्यासारखी लेट करून दे.”

शनिवारी कचेरीतून आल्यावर बाई सासऱ्यांच्या स्कूटरवर मागे बसून कासोदला गेल्या. किसनराव चार किलोमीटर वीस मिनिटांत गेले, आणि तेवढ्या वेळात बाईंनी काय बोलायचं ते मनात चार वेळा लिहून चार वेळा खोडलं. आपण चुकीचं काही केलेलं नाही, असं पहिलं वाक्य होतं. ते प्रत्येक खेपेला थोडं लहान होत गेलं.

फारुखभाई अंगणात होता. बाईंना बघून तो उठला, आत गेला आणि कागदांची पिशवी घेऊन आला. लायसन, परमिट, विमा, धुराचं सर्टिफिकेट, एकेक कागद त्याने बाजेवर मांडला. डोळे तांबारलेले. त्याची आई हलीमाबी दारातच बसली होती. तिने सांगितलं की पोरगा आठवडाभर रात्री तीनदा उठून घड्याळ बघतो, भाकर खात नाही, आणि रस्त्यात ओळखीच्या माणसाने हात केला तरी गाडी थांबवत नाही म्हणून चार लोक तिच्याशीही बोलेनासे झालेत.

“अकरा वर्सं झाले ताई,” फारुखभाई म्हणाला. “मले एक शब्द सांगतला असता. कागद काहून धाडला?”

ज्योत्स्नाबाईंनी पत्र पाहिलं. स्वतःच्या हाताने जावक नंबर टाकलेलं, तिसऱ्या प्रतीचं. तो नंबर टाकताना त्यांनी खालची नावं वाचली नव्हती, कारण वीस वर्षांत त्यांनी कधीच खालची नावं वाचली नव्हती. त्या बाजेच्या कडेला बसल्या. मनातली सगळी वाक्यं सोडून त्यांनी नुसतं सांगितलं की मी परीक्षेला बसले आहे, नापास व्हायची भीती वाटते, आणि मोजायला दुसरं काही सापडलं नाही.

हे त्याला लगेच पटलं. परमिटवर कुणी उठलेलं नाही हे कळल्यावर तो जरा मोकळा झाला, आणि मग त्याला रजिस्टर बघायचं होतं. आपल्याबद्दल कुणी इतकं लिहून ठेवलेलं त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं. पानावरचे अडतीस, एक्केचाळीस, पस्तीस त्याने बोटाने वाचले आणि मान हलवली. बरोबर हाय, म्हणाला. मग त्याने स्वतःहून सांगायला सुरुवात केली. कासोदच्या मशिदीजवळ दहा मिनिटं, कारण दर्यापूरकडून येणारी जीप तिथे माणसं आणून सोडते, आणि ती चुकली तर ती माणसं दिवसभर अडकतात. मळ्याजवळ सहा मिनिटं, अपंग मास्तरीणबाई तिथून बांधाबांधाने येतात. नाल्याच्या उतारावर पाच, शाळेची पोरं. विहिरीपाशी सात, एका म्हाताऱ्याला धरून चढवावं लागतं आणि त्याची काठी दर वेळी खाली राहते. असं करत करत तो धामणखेडच्या स्टँडपर्यंत आला आणि थांबला.

“अन् धामणखेडला?” बाईंनी विचारलं.

फारुखभाई किसनरावांकडे बघायला लागला. मग संकोचून म्हणाला, तिथं चार मिनिटं. विहाराच्या कोपऱ्यावर ताईंची पर्स दिसली की मी गिअर टाकतो.

अकरा वर्षांत एकदाही न चुकलेल्या गाडीचा ज्योत्स्नाबाईंना जो अभिमान होता, तो खरा कुणाचा होता हे त्यांना आत्ता कळत होतं. कचेरीतल्या बायकांना ऐकवलेलं सगळं एकेक करून आठवायला लागलं. किसनराव घसा खाकरून अंगणातल्या कोंबड्या मोजू लागले.

फारुखभाईचं बोट तेवढ्यात सातव्या ओळीवर आलं होतं. तो उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेला, मराठी अक्षर लावून वाचायचा. एकशे सत्तरच्या पुढे शेऱ्याच्या रकान्यात बाईंनी एक शब्द लिहिला होता. तो त्याने हळूहळू मोठ्याने वाचला. “नि… ष्का… ळ… जी… पणा.” अर्थ त्याला लागला नाही की लागला, ते कळलं नाही. त्याने विचारलं, हा मैनाचा दिवस ना?

मैना म्हणजे कासोदच्या पुढच्या वस्तीवरच्या पुंजाजीची सून. त्या दिवशी पहाटे तिला कळा सुरू झाल्या, दवाखान्याच्या गाडीला फोन लागला नाही, आणि पुंजाजी येऊन फारुखभाईच्या दारात उभा राहिला. त्याने मिनीबसच्या मागच्या सीटवर गादी टाकली, आपल्या आईला सोबत बसवलं आणि धामणखेडला न येता मधल्या कच्च्या रस्त्याने थेट अकोट गाठलं. मुलगी झाली. मग परत कासोदला येऊन, गाडी धुऊन, तो साडेसातच्या फेरीला निघाला. लोकांना नुसतं ‘काम होतं’ असं का सांगितलं, असं किसनरावांनी विचारलं. तेव्हा तो म्हणाला, बायामाणसाची गोष्ट, चार लोकांत काहून सांगू?

ज्योत्स्नाबाईंनी पेन काढलं. ‘निष्काळजीपणा’वर एक आडवी रेघ मारली, वर ‘बाळंतपण’ लिहिलं, आणि कचेरीच्या सवयीने खाडाखोडीशेजारी सही करून तारीख टाकली. त्यांना माफी मागायची होती. पण त्यांच्या हाताला माफीची हीच एक रीत माहीत होती. फारुखभाईने ती सही बराच वेळ पाहिली आणि हलीमाबीला चहा ठेवायला सांगितला.

चहा पिताना त्याने विचारलं, मग एकूण माझं निघालं किती? बाईंनी पत्राआधीच्या अकरा दिवसांची सरासरी सांगितली, साडेपन्नास मिनिटं. तो कप ठेवून उठलाच. पन्नास मिनिटं लेट मी एक दिवसही आलो नाही, वहीतच पाहा, असं त्याचं म्हणणं, आणि ते खरंच होतं. एका मैनाच्या दिवसाने बाकीच्या दहा दिवसांना ओढून नेलं होतं. सरांनी तीन रविवार फळ्यावर लिहूनही जे बाईंच्या डोक्यात शिरलं नव्हतं, ते त्या बाजेवर एकदम शिरलं. मग त्यांनी त्याला मध्यक सांगितला. शाळेत प्रार्थनेला उंचीप्रमाणे रांग करतात तसे अकरा दिवस उभे करायचे आणि बरोबर मधला कोण ते पाहायचं. शेवटचा कितीही उंच असला तरी मधला तोच राहतो. मधला दिवस एकोणचाळीस मिनिटांचा निघाला.

“हा हाय माह्या हिशोबाचा,” फारुखभाई म्हणाला आणि परत बसला.

बाईंना तेवढ्यात एक नामी गोष्ट सुचली. काचेवरचं साडेसात पुसून आठ वाजून नऊ मिनिटं करून टाका, म्हणजे भानगडच मिटली. फारुखभाईने यावर प्रामाणिकपणे विचार केला. मग तो म्हणाला, साडेसात लिहिलंय म्हणून लोक आठला निघतात. आठ वाजून नऊ लिहिलं तर घरून निघायलाच पावणेनऊ करतील. काचेवरचं साडेसात तसंच राहिलं. सोमवारी गाडी आठ वाजून नऊ मिनिटांनी आली, आणि स्टँडवर सुंदराबाईंनी सगळ्यांना चहा पाजला. त्या दिवसापासून तेरा दिवस बाईंनी मुकाट्याने नोंदी घेतल्या. तीस भरले.

तोंडी परीक्षा अकोल्याला झाली. गुल्हाने सरांनी रजिस्टर पहिल्या पानापासून चाळलं. कापसाचा एक पुंजका मधल्या पानात चिकटलेला होता, तो त्यांनी काळजीपूर्वक तसाच राहू दिला. मग त्यांनी बारा ते सतरा या सहा दिवसांवर बोट ठेवलं. हे शून्य आणि उणे कुठून आले? बाईंनी सगळं सांगितलं, तिसऱ्या प्रतीसकट. सर म्हणाले, म्हणजे तुम्ही मोजताय हे त्याला कळलं आणि तुम्ही जे मोजत होता तेच बदललं. हे आकडे वेगळ्याच गाडीचे झाले, ते बाकीच्यांत मिसळता येणार नाहीत. बाईंना ते मान्य होतं. मग सर सातव्या ओळीवर आले.

“हा एकशे सत्तर काढून टाका, सगळं कसं स्वच्छ दिसेल.”

“नाही काढत, सर.”

“का?”

“काढला तर कागदावर असं दिसेल की तो दिवस झालाच नाही. मी त्याच्यासकट एकदा केलंय आणि त्याच्याशिवाय एकदा. दोन्ही लिहिलेत. तो का वेगळा आहे तेही लिहिलंय.”

सरांनी शेऱ्याच्या रकान्यातली खाडाखोड पाहिली, शेजारची सही आणि तारीख पाहिली. शेवटच्या पानावरचा निष्कर्ष वाचला. त्यात बाईंनी एवढंच लिहिलं होतं की सदर वाहन उशिरा येत नाही, ते सर्वांना घेऊन येते, व त्यास सुमारे एकोणचाळीस मिनिटे लागतात. सर ते दोनदा वाचून हसले आणि वीसपैकी चौदा मार्क मांडले. सहा का कापले, असं बाईंनी विचारलं, आणि जमलं तर कारण लेखी द्यावं अशी विनंतीही केली. ते सहा दिवस बिघडले म्हणून, असं सरांनी तोंडीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई गाडीत चढताच फारुखभाईने मान मागे वळवून विचारलं, आपल्याले किती पडले? चौदा, बाई म्हणाल्या. वीसपैकी? वीसपैकी. त्याने गिअर न टाकता सगळ्या गाडीला वळून सांगितलं की आपले चौदा आले. मागच्या सीटवरून सुंदराबाईंनी विचारलं, अन् सहा कोनं खाल्ले बाप्पा?

“सहा दिवस टायमावर आलो होतो ना,” फारुखभाई म्हणाला, “त्याचेच कटले.” आणि मग विहाराच्या कोपऱ्यावरून कुणी पळत येताना दिसलं, तेव्हा त्याने इंजिन बंद करून हात स्टिअरिंगवर ठेवले.